मशीन गरम झालं की

आऊटबोर्ड मशीन माझ्याकडे घेऊन येणारा माणूस पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो: मशीन बंद पडतं. एवढ्यावर मला काहीच करता येत नाही. ते कसं बंद पडतं, हे मला हवं असतं. थंड असताना की गरम झाल्यावर? पूर्ण रेस दिल्यावर की जाळं ओढताना हळू चालत असताना? मरण्याआधी गचके खातं की एकदम गप्प होतं? बंद पडल्यावर लगेच दोरी ओढली तर सुरू होतं की अर्धा तास थांबावं लागतं? या प्रश्नांची नीट उत्तरं मिळाली तर निम्मं काम पाना न उचलता होतं. उत्तरं मिळाली नाहीत तर सुटे भाग बदलत बसावं लागतं, आणि त्यात होडीवाल्याचा हंगाम जातो.

माझं गॅरेज मालवणात, मुळात दुचाक्यांचं. मी शिकलो ते जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांवर. चेतकचे पॉइंट घासून फट लावणं, आरएक्स १००चा मॅग्नेटो उघडणं, ही माझी शाळा. पुढे रस्त्यावरून टू-स्ट्रोक गाड्या जवळजवळ नाहीशा झाल्या. समुद्रावर मात्र टू-स्ट्रोक मशीन राहिलं, कारण ते हलकं असतं, दोन माणसं खांद्यावरून किनाऱ्यावर आणू शकतात, आणि त्याच्या आत कमी भाग असतात. दांडी, देवबाग, सर्जेकोट इथल्या होड्यांची मशीनं माझ्याकडे येऊ लागली ती अशी. झाकण काढलं की आत माझ्या ओळखीचीच मंडळी दिसतात: चाकाखालची कॉइल, एक काळी डबी, प्लगच्या तारा. फरक एवढाच की इथे सगळ्यावर मीठ बसलेलं असतं.

इथे सांगायची ती धाकट्या काकांच्या मशीनची गोष्ट. जपानी बनावटीचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक, पेट्रोलवर चालणारं, बरंच जुनं मशीन. काकांनी ते जपून वापरलेलं. समुद्रावरून आल्यावर गोड्या पाण्यात फिरवायचं, झाकणाखाली तेलाचा हात मारायचा, हे त्यांनी कधी चुकवलं नाही. दिवाळीनंतर ते माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या बोलण्यात वैताग होता.

"सकाळी एका झटक्यात सुरू होता. भायर गेलो, जरा लांब पळवला की मरता. मगे किती ओढा, काय नाय. गप बसून रवलो की परत सुरू होता."

"काका, मरताना गचके खाता की एकदम गप होता?"

"एकदम. बटण बंद केल्यासारखा."

या एका उत्तरावर मी मनातल्या मनात इंधनाची शंका मागे टाकली. पेट्रोल कमी पडून मरणारं मशीन असं मरत नाही. त्याचा जोर आधी कमी होतो, आवाज वरखाली होतो, मध्येच उचल खातं, पुन्हा बसतं. कार्बोरेटरच्या तळातलं उरलंसुरलं पेट्रोल संपेपर्यंत ते धडपडतं. नळीवरचा रबरी बल्ब हाताने दाबला की तेवढ्यापुरतं जिवंत होतं. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सोडायचा राहिला तरी हेच होतं: टाकीत पोकळी तयार होते, बल्ब चपटा पडतो, आणि पाच-दहा मिनिटांत मशीन दम तोडतं. ठिणगी गेली तर मात्र धडपड नसते. भरधाव असताना एका क्षणात आवाज तुटतो आणि होडी आपल्याच लाटेवर पुढे सरकून थांबते. अर्थात हा नियम शंभर टक्के नाही. ठिणगी अधूनमधून तुटायला लागली तर मशीन गचकेही खातं. पण सुरुवात कुठून करायची ते यावरून ठरतं, म्हणून बल्ब चपटा होतो का आणि हवेचा स्क्रू उघडा असतो का, हे काकांना विचारून घेतलं. दोन्ही ठीक होतं.

हे मशीन असं बंद पडणं म्हणजे नुसता खोळंबा नव्हे. दिवाळीनंतर आमच्याकडे पहाटे मतलई सुटते, जमिनीवरून समुद्राकडे. त्या वाऱ्यावर होड्या बाहेर जातात. मशीन मेलं तर तोच वारा होडीला आणखी बाहेर नेतो. वल्ही असतात, पण जाळ्याने भरलेली होडी वाऱ्याविरुद्ध वल्हवणं साठीच्या माणसाला झेपत नाही. आणि येताना दुपारचा वारा उलटा, किनाऱ्याकडे. त्या वेळी सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांजवळ मशीन गप्प झालं तर होडी कुठे लागेल ते आपल्या हाती राहत नाही. काकांबरोबर माझा चुलतभाऊही जातो. घरात काकी त्या दोघांची वाट बघत दारात उभ्या असतात, हे मी पाहिलेलं आहे.

काकांनी येण्याआधी बरंच केलं होतं. एका कारागिराने दोन्ही प्लग नवे घातले. त्याने गुण आला नाही म्हणून प्लगच्या टोप्या बदलल्या. मग "सीडीआय गेलाय" म्हणून ती काळी डबी बदलली, आणि ती स्वस्त नसते. प्रत्येक वेळी किनाऱ्यावर मशीन सुरू करून दाखवलं, ते सुरू झालं, पैसे घेतले. समुद्रात ते पुन्हा मेलं. माझा या पद्धतीवर राग आहे आणि तो मी लपवत नाही. सुटे भाग बदलून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. भाग बदलल्यावर मशीन चालू झालं तरी दोष त्या भागात होता की हाताळताना एखादी सैल तार जागेवर बसली, हे कळत नाही. आणि जो दोष फक्त गरमपणी येतो, तो थंड मशीनवर शोधणाऱ्याला सापडणारच नाही.

ठिणगी तयार कशी होते ते एकदा समजलं की हे आपोआप उलगडतं. वरच्या जड चाकात, म्हणजे फ्लायव्हीलमध्ये, लोहचुंबक बसवलेले असतात. चाक फिरलं की त्यांच्याखालच्या चार्ज कॉइलमध्ये वीज तयार होते, शे-दोनशे ते तीनशे व्होल्टच्या घरातली. ती सीडीआयच्या डबीतल्या कपॅसिटरमध्ये साठते. दुसरी एक छोटी कॉइल, पल्सर, चाक नेमक्या जागी आलं की इशारा देते. त्या इशाऱ्यावर साठलेली वीज एका झटक्यात इग्निशन कॉइलमध्ये सोडली जाते, आणि तिथून वीस-तीस हजार व्होल्ट प्लगकडे जातात. बॅटरी नाही, डायनॅमो नाही. हाताने दोरी ओढली तेवढ्या फिरण्यावर हे सगळं घडतं. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेऱ्याला ठिणगी लागते. मिनिटाला पाच हजार फेरे म्हणजे एका सिलिंडरला सेकंदाला त्र्याऐंशी ठिणग्या. शेवटची एक तार असते ती लाल बटणाची. मशीन बंद करायचं तर हे बटण सीडीआयची वीज अंगाला, म्हणजे अर्थला, उतरवतं. ठिणगी मरते आणि मशीन थांबतं. म्हणजे बटणाच्या तारेचं आवरण कुठे खरवडून ती धातूला टेकली, तर कोणी बटण न दाबताही मशीन बंद पडणार.

काकांच्या मशीनमध्ये दोन्ही सिलिंडर एकदम मरत होते. एकच सिलिंडर गेला असता तर दोन सिलिंडरचं मशीन लंगडत का होईना चाललं असतं, घरी आणता आलं असतं. दोन्ही एकाच क्षणी जातात तेव्हा दोष दोघांच्या सामाईक वाटेवर असतो: चार्ज कॉइल, पल्सर, सीडीआय, बटणाची तार, किंवा सगळ्यांची मिळून असलेली अर्थची जोडणी. दोन प्लग एकाच क्षणी बिघडणं, पुन्हा अर्ध्या तासाने एकदमच बरे होणं, हे होत नाही. प्लग आणि टोप्यांवर खर्च करण्याआधी एवढा विचार व्हायला हवा होता.

आधी मी मशीन गॅरेजमागे पाण्याच्या पिंपात लावलं. आऊटबोर्ड कोरडं कधीच चालवू नये; खालच्या पंपातलं रबरी इम्पेलर पाण्यावाचून काही सेकंदांत जळायला लागतं. पिंपात मशीन मस्त चाललं. दोन्ही प्लग काढून पाहिले. पांढऱ्या भागावर फिका तपकिरी रंग, ओलेपणा नाही, काजळी नाही. म्हणजे इंधनाचं प्रमाण ठीक, आणि जोवर चालतं तोवर जळणही ठीक. मग माझ्या फटीवर ठिणगी पाहिली.

ही फट मी स्वतः बनवलेली आहे. बेकेलाइटच्या तुकड्यावर पितळेचे दोन टोकदार स्क्रू समोरासमोर, मधलं अंतर कमीजास्त करता येतं. एका स्क्रूला प्लगची तार लावायची, दुसऱ्याला चिमट्याची वायर, ती मशीनच्या अंगाला. बहुतेक जण प्लगच बाहेर काढून सिलिंडरवर टेकवतात आणि ठिणगी दिसली की समाधान मानतात. पण प्लगची फट जेमतेम एक मिलिमीटरची, आणि बाहेर साधी हवा. सिलिंडरमध्ये दाबलेली हवा असते, तिच्यातून ठिणगीला उडी मारायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. बाहेर दिसणारी अशक्त ठिणगी आत विझू शकते. म्हणून मी हवेत आठ-दहा मिलिमीटरची फट ठेवतो. तेवढं अंतर ओलांडणारी, निळसर पांढरी, चटचट आवाज करणारी ठिणगी मिळाली तर ती खरी. पिवळट, दोऱ्यासारखी बारीक, मध्येच चुकणारी असेल तर ती प्लगवर दिसली तरी तिच्यावर विश्वास नाही.

एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो, कारण ती न पाळल्याने हात आणि मशीन दोन्हींचं नुकसान होतं. प्लगची तार मोकळी हवेत लोंबत ठेवून दोरी ओढू नये. विजेला जायला वाट मिळाली नाही तर ती कॉइलचं किंवा सीडीआयचं आतलं आवरण फोडते, आणि तार हातात धरली तर झटका जबर बसतो. आणि प्लग काढलेले असताना भोकांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. म्हणून इंधनाची नळी सोडायची, भोकांवर फडकं दाबायचं, आणि ठिणगीची फट भोकांपासून हाताभर लांब ठेवायची.

पिंपात, थंड मशीनवर, ठिणगी दोन्हीकडे झकास होती. मीटर लावून चार्ज कॉइल मोजली: काही शे ओहम, मशीनच्या पुस्तकात दिलेल्या मर्यादेत. पल्सर ठीक, इग्निशन कॉइल ठीक. आधीच्या कारागिरानेही बहुधा हेच मोजलं असणार आणि कॉइल चांगल्या ठरवून डबीकडे बोट दाखवलं असणार. मीटर खोटं बोलत नव्हतं. ते त्या वेळची, थंड कॉइलची गोष्ट सांगत होतं.

पिंपात पंख्याला खरा भार पडत नाही, मशीन तितकं तापत नाही. म्हणून मी काकांना म्हटलं, हे पाण्यावरच बघायला हवं. उघड्या समुद्रात नव्हे. देवबागच्या आत, कर्लीच्या खाडीत जाऊ. तिथे लाट नाही, दोन्ही बाजूंना जमीन, नांगर टाकायला पाणी उथळ, आणि चुलतभाऊ दुसरी होडी घेऊन जवळ राहील. काकांना हे जरा जास्तच वाटलं, पण ते आले. मी बरोबर मीटर, ठिणगीची फट, प्लगचा पाना, टॉर्च, सुकी फडकी घेतली. झाकण आधीच काढून ठेवलं आणि चार्ज कॉइलच्या तारांचा सॉकेट कुठे आहे, बटणाची तार कुठल्या जोडातून सुटते, ते किनाऱ्यावरच हाताने दोनदा सोडून-जोडून पाहिलं. समुद्रावर मशीन मेल्यानंतर ते थंड व्हायला लागतं, आणि दोष थंड होण्याआधी पकडायचा असेल तर पाना शोधत बसायला वेळ नसतो.

पूर्ण रेसवर आम्ही खाडीत वर-खाली फिरलो. बराच वेळ काही झालं नाही. काका म्हणाले, "तुझ्या समोर चांगला वागता." आणि वळण घेताना मशीन मेलं. तसंच, एकदम. शिंक नाही, गचका नाही. बल्ब दाबला, तो भरलेला, टणक. पेट्रोल होतं.

नांगर पडला. प्लग काढून अंगाला टेकवून ठेवले, फट वरच्या तारेला लावली, काकांनी दोरी ओढली. काही नाही. खालच्या तारेला लावली. काही नाही. दोन्हीकडे ठिणगी शून्य. निदान एवढं पक्कं झालं की दोष ठिणगीतच आहे.

मग बटणाची तार सोडली. हे पाऊल मी नेहमी सीडीआयच्या आधी घेतो, कारण त्याला पैसे लागत नाहीत आणि खाऱ्या हवेत बटणं व त्यांच्या तारा फार खराब होतात. तार सुटी करून पुन्हा दोरी ओढली. तरी काही नाही. म्हणजे बटण आणि त्याची तार संशयातून सुटली. ठिणगी आली असती तर काकांचं काम तिथेच, एका नव्या बटणावर, संपलं असतं. (तार सुटी असताना मशीन सुरू झालं तर ते बटणाने बंद होत नाही, चोक ओढून किंवा इंधनाची नळी काढून बंद करावं लागतं, हे काकांना आधी सांगून ठेवलं होतं.)

आता चार्ज कॉइलचा सॉकेट सोडून मीटरची टोकं लावली. मीटरवर आकडा नाही. ओपन. तार तुटल्यावर दिसतं तसं. सकाळी पिंपाजवळ याच दोन टोकांमध्ये काही शे ओहम होते. मी टोकं घट्ट दाबली, पुसून पुन्हा लावली. तेच. काकांना जवळ बोलावून मीटर दाखवलं आणि टोकं तशीच धरून आम्ही बसून राहिलो. होडी नांगरावर हळू फिरत होती, चाकातून ऊब अंगावर येत होती. काही वेळाने मीटर एकदम हललं. आकडा आला, गेला, पुन्हा आला आणि स्थिर झाला. सकाळच्यापेक्षा थोडा जास्त, पण मर्यादेतला. मी सॉकेट जोडला, फट लावली, काकांनी दोरी ओढली. निळी ठिणगी. प्लग बसवले, मशीन एका झटक्यात सुरू झालं.

काका बराच वेळ मीटरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे तो नवो डबो..."

"डबो आधीचोय चांगलो होतो, काका. तेका वीजच मिळत नव्हती."

गॅरेजमध्ये आल्यावर चाक उतरवलं. फ्लायव्हील शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेलं असतं, ते काढायला पुलर लागतो. हातोडीने कडेला ठोकून चाक काढणारे मी बघितले आहेत. त्याने चुंबक सुटतात, शाफ्टला मार बसतो. पुलरचे तीन बोल्ट चाकाच्या आट्यांत बसवायचे, मधला बोल्ट ताणायचा, आणि त्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर एकच नेमका ठोका. टक्‌ असा आवाज होऊन चाक सुटतं. शाफ्टच्या खाचेत एक छोटी अर्धगोल चावी असते, तिच्यावर ठिणगीची वेळ अवलंबून. ती तपासली. धार शाबूत होती.

चार्ज कॉइल वरून पाहिली तर कोणी नाव ठेवलं नसतं. भिंग घेऊन पाहिल्यावर दिसलं की जिथे केसासारखी बारीक तार जाड तारेला डाखलेली असते तिथे वरच्या राळेला चीर गेली आहे आणि चिरेत हिरवट कीट आहे. तांब्याला खारं पाणी लागलं की असंच कीट चढतं. मी मीटरची टोकं तिथेच चिकटवली आणि घरून केस वाळवायचा ड्रायर आणून कॉइलवर गरम हवा सोडली. आकडा हळूहळू चढू लागला. हे अपेक्षित आहे. तांबं तापलं की त्याचा रोध वाढतो, दर दहा अंशांना साधारण चार टक्के. त्याची काळजी नाही. पण एका ठिकाणी चढता चढता आकडा थरथरला आणि गेला. ड्रायर बाजूला केला, कॉइल निवली, आकडा परत आला. पुन्हा तापवली, पुन्हा गेला. कॉइल तापली की राळ आणि धातू वेगवेगळ्या मापाने फुगत होते आणि आतली जेमतेम टेकलेली तार सुटत होती. निवली की परत टेकत होती. काकांनी खुर्ची ओढून हा खेळ तीन-चार वेळा बघितला. मला वाटतं, मालकाने दोष असा डोळ्यांनी बघणं फार आवश्यक आहे. मग तो कुणाच्याही म्हणण्यावरून डबी विकत घेत नाही.

कॉइल पुन्हा वाइंड करून घ्यावी का, हा प्रश्न आला. पंपाच्या मोटरी वाइंड करणारे लोक आमच्याकडे आहेत आणि त्यांचा हात चांगला आहे. दुचाकीची असती तर मीही तेच केलं असतं, गाडी रस्त्यात बंद पडली तर ढकलत आणता येते. मतलईवर बाहेर जाणाऱ्या होडीसाठी मी तो सल्ला दिला नाही. बारीक तारेचे इतके वेढे हाताने सारखे बसवणं आणि ते खाऱ्या हवेपासून बंदिस्त करणं अवघड आहे. गोव्याहून नवी कॉइल मागवली. ती येईपर्यंत काका शेजाऱ्यांच्या होडीवर गेले.

नवी कॉइल बसवताना मी फक्त कॉइलच बदलली. चाक बसवण्याआधी शाफ्टचा निमुळता भाग आणि चाकाचं भोक कोरड्या फडक्याने पुसलं, तिथे तेल-ग्रीस लावत नाहीत, नट टॉर्क पान्याने पुस्तकातल्या मापाला आवळला. नट ढिला राहिला तर चाक चावीवर झटके देतं, चावी कापली जाते, आणि ठिणगी चुकीच्या वेळी पडायला लागते. अशी मशीनं माझ्याकडे आली आहेत: ठिणगी सुरेख, पेट्रोल आहे, तरी सुरू होत नाहीत, आणि दोरी उलटा झटका देऊन हातातून ओढली जाते. मग आम्ही पुन्हा कर्लीत गेलो आणि जिथे मेलं होतं तिथून पुढे, त्याहून जास्त वेळ, पूर्ण रेसवर मशीन पळवलं. थांबवलं ते लाल बटणानेच. गरमागरम चाकाजवळ मीटर लावून आकडा पाहिला, थोडा चढलेला, स्थिर. अर्थच्या स्क्रूखालचा गंज, बटणाच्या जोडातलं कीट, हे सगळं मी त्यानंतर साफ केलं. आधी केलं असतं तर कशाने गुण आला ते मला नक्की सांगता आलं नसतं.

प्रत्येक बिघाड असा दडून बसत नाही. एकच सिलिंडर मेला असेल तर दोन्ही कॉइल वेगळ्या असलेल्या मशीनवर मी त्यांची अदलाबदल करतो. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला तर कॉइल वाईट. जागेवरच राहिला तर प्लगपासून पुढे शोधायचं. प्लगच्या तारेतून वीज बाहेर गळत असेल तर ती अंधारात दिसते. रात्री झाकण काढून मशीन पिंपात चालवायचं, दिवे बंद करायचे. जिथे आवरण तडकलं असेल तिथे निळी रेघ नाचते. पॉइंटवाली जुनी मशीनंही कधीमधी येतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, मशीन पडवीत ताडपत्रीखाली असतं, आणि ऑगस्टमध्ये पॉइंटच्या तोंडावर करडी बुरशी आल्यासारखा थर असतो. बारीक फाइल, मग स्वच्छ कोरा जाड कागद मधून ओढायचा, फीलर गेजने फट लावायची, आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर ठिणगी येते. पॉइंट पुन्हा पुन्हा जळून काळे-निळे पडत असतील तर कंडेन्सर बघायचा. ही मशीनं मला आवडतात. त्यांचा दोष बोटाने दाखवता येतो.

गरमपणी येणाऱ्या दोषाला मात्र गरमपणीच गाठावं लागतं, आणि त्यासाठी होडीवर माणूस जायला हवा. ते काम कारागिराला नकोसं वाटतं, वेळ जातो, कपडे भिजतात, त्याचे वेगळे पैसे मागायला संकोच वाटतो. मी मागतो. काकांकडूनही घेतले, त्यांनी स्वतःहून दिले. डबीला गेलेल्या रकमेपुढे ते काहीच नव्हते.

आता आमच्या वाडीतल्या मशीनांसाठी एक पद्धत लावली आहे. बंदीच्या काळात, जुलैत, मशीन माझ्याकडे येतं. चार्ज कॉइल, पल्सर, इग्निशन कॉइल यांचे थंडपणीचे आकडे मी मोजतो, मशीन पिंपात तापवून पुन्हा मोजतो, आणि दोन्ही आकडे तारखेसह पक्क्या शाईच्या पेनाने झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवतो. पिंपातल्या उबेत सगळंच कळत नाही, पण मागच्या वर्षीच्या आकड्यापेक्षा फरक पडला असेल तर तो कळतो. पुढच्या वर्षी मी नसलो तरी झाकण उघडणाऱ्याला तुलनेला काहीतरी मिळेल. काकांच्या झाकणात आता तीन ओळी आहेत. त्यांच्या डब्यात दोन प्लग, प्लगचा पाना आणि माझ्यासारखीच एक ठिणगीची फट असते, आणि बटणाची तार कुठून सोडायची त्या जोडावर मी पिवळी टेप गुंडाळून दिली आहे. चुलतभावाने ती डोळे मिटून सोडून दाखवली, तेव्हाच मशीन होडीवर चढवलं.